आहार, देहगंध आणि सुगंध दशमीची कथा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयीच लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु ते कार्य माझ्याहून अधिकारी मंडळी या अंकात करीत आहेत. माझा संबंध पाठशाळेच्या बालवर्गाशी आला. त्या वर्गात घडलेली एक लहानशी गोष्ट अनेक वर्षे मनात सलत राहिली. तिच्या निमित्ताने जे वाचन घडले, ते समाजबांधवांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

एका रविवारी शाकाहाराचे महत्त्व सांगताना मी मुलांना म्हणालो, "मांसाहार करणाऱ्याच्या घामाला दुर्गंधी येते, शाकाहारी माणसाच्या घामाला येत नाही." मुले हसली, काहींनी नाके दाबली. धडा रंगला असे मला वाटले. पुढच्या रविवारी एक मुलगा मोठ्या अभिमानाने सांगू लागला, "गुरुजी, मी शाळेत बाक बदलून घेतला. माझ्या शेजारचा मुलगा मासे खातो. त्याचा वास येतो, असे मी बाईंना सांगितले."

मी विचारले, "खरेच येत होता का रे?"

तो क्षणभर थांबला आणि निरागसपणे म्हणाला, "आधी नव्हता येत. तुम्ही सांगितल्यापासून यायला लागला."

त्या उत्तराने मी निरुत्तर झालो. आपण जे सांगितले ते कितपत खरे आहे आणि आपल्या आचार्यांनी ते कधी सांगितले आहे काय, या दोन प्रश्नांचा मागोवा मी तेव्हापासून घेत आलो.

प्राचीन साक्षी

खाल्लेल्या पदार्थाचा गंध देहातून प्रकट होतो, हे निरीक्षण आपल्या देशात फार जुने आहे. त्याचा सर्वांत ठळक पुरावा लसणीच्या संदर्भात मिळतो. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवर लिहिलेली एक प्राचीन संस्कृत पोथी आली. 'बॉवर हस्तलिखित' म्हणून ती विद्वानांना परिचित आहे. तिचा पहिला भाग लसणीच्या गुणांविषयी आहे. ज्यांना लसूण वर्ज्य, त्या ब्राह्मणांसाठी तीत एक युक्ती दिली आहे. गाईला काही दिवस चारा जवळजवळ बंद करून नंतर गवतात मिसळून लसणीची पात घालावी आणि तिचे दूध, दही, तूप सेवन करावे. खाल्लेल्या वस्तूचा अंश दुधात उतरतो, हे त्या वैद्यांना पक्के ठाऊक होते.

बौद्धांच्या विनयपिटकातही लसणीचा एक प्रसंग आहे. बुद्धांचे प्रवचन चालू असता एक भिक्षू इतरांपासून दूर बसला होता. त्याने लसूण खाल्ली होती आणि वासाचा इतरांना उपद्रव होऊ नये, अशी त्याची इच्छा होती. ज्या पदार्थामुळे धर्मश्रवणातच अंतर पडते, तो पदार्थ भिक्षूंनी खाऊ नये, असा नियम तेव्हा झाला. पुढे सारिपुत्तांच्या पोटदुखीच्या वेळी आजारपणापुरती त्याला सवलत मिळाली. हा निषेध मुख्यतः गंधामुळे आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आयुर्वेदाने घामाला मेद धातूचा मल मानले. चरकसंहितेत अतिस्थूल माणसाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अतिस्वेद आणि दौर्गंध्य यांचा समावेश आहे. म्हणजे दुर्गंधीचे कारण केवळ ताटात काय पडले हे नसून देहाची घडण हेही आहे, असे त्या शास्त्राचे मत दिसते.

या निरीक्षणांची दुसरी बाजू मात्र वेदनादायक आहे. इ. स. ३९९ मध्ये चीनहून निघालेला फाहियान हा यात्रेकरू मध्यदेशाविषयी लिहितो की, तेथील लोक प्राणिहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. अपवाद फक्त चांडाळांचा. त्यांना वस्तीबाहेर राहावे लागे आणि नगरात येताना लाकूड वाजवून आपल्या येण्याची सूचना द्यावी लागे, म्हणजे इतरांना त्यांचा स्पर्श टाळता येई. सातव्या शतकात ह्युएनत्संग लिहितो की, कांदा-लसूण खाणारे थोडेच असून, जे खातात त्यांना नगराच्या तटाबाहेर घालविले जाते. आहाराचा नियम हा प्रथम संयमाचा नियम असतो. पण तो दुसऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी वापरला की त्याची भिंत होते. माझ्या वर्गातील मुलाने बाक बदलला, तेव्हा ही जुनीच भिंत नव्याने उभी राहिली होती.

आधुनिक संशोधन काय सांगते?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मी जे सांगितले ते खरे होते काय?

मानवी त्वचेत वीस ते चाळीस लक्ष घर्मग्रंथी असतात. त्यांतील बहुसंख्य ग्रंथी देह थंड ठेवण्यासाठी पाणी व क्षार बाहेर टाकतात. काख व जांघ येथील निराळ्या प्रकारच्या ग्रंथी वयात आल्यावर कार्य करू लागतात आणि दाटसर द्रव स्रवतात. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरील सूक्ष्म जीवाणू त्या द्रवाचे विघटन करतात आणि त्यातून आम्लांचा व गंधकयुक्त द्रव्यांचा वास निर्माण होतो. म्हणून देहगंध हा ग्रंथी, जीवाणू, स्वच्छता, आरोग्य आणि आहार या सर्वांचा मिळून झालेला परिणाम असतो.

यांपैकी आहाराचा भाग तपासणारा एक प्रयोग प्राग येथील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केला. १७ पुरुषांना दोन आठवडे मांसयुक्त किंवा मांसविरहित आहारावर ठेवले. शेवटी २४ तास त्यांच्या काखेत कापसाच्या घड्या ठेवून त्यांचा वास ३० स्त्रियांकडून तपासून घेतला. एक महिन्यानंतर त्याच पुरुषांचा आहार उलट करून पुन्हा तीच चाचणी घेतली. मांसविरहित आहाराच्या काळातील वास अधिक सुखद आणि कमी तीव्र ठरला. म्हणजे माझ्या विधानात सत्याचा अंश होता. पण अंशच! तुलना झाली ती एकाच माणसाच्या दोन आहारकाळांची. शाकाहारी समाज आणि मांसाहारी समाज यांची तुलना तीत नव्हती आणि शाकाहाऱ्याच्या घामाला वासच नसतो, असे तर तीत मुळीच निघाले नाही.

पुढील संशोधनाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाच्या संशोधकांनी ४३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्वचेच्या रंगावरून ज्यांच्या आहारात फळे व भाज्या अधिक आहेत असे दिसले, त्यांच्या घामाचा वास अधिक सुखद ठरला. परंतु त्याच पुरुषांनी स्वतः सांगितलेल्या आहाराशी तुलना करता, पिष्टमय पदार्थ अधिक खाणाऱ्यांच्या घामाचा वास तीव्र व कमी सुखद ठरला, तर स्निग्ध पदार्थ, मांस, अंडी व टोफू यांचा संबंध सुखद वासाशी दिसून आला. त्याआधी २०१६ साली लसणीवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. लसणीने श्वासाला वास येतो, हे सर्वांना माहीत आहे. पण पुरेशा प्रमाणात लसूण खाल्लेल्या पुरुषांच्या काखेतील घामाचा वास परीक्षकांना अधिक सुखद वाटला. आपल्या बाजूचा तेवढा निष्कर्ष उचलायचा आणि गैरसोयीचा वगळायचा, हे सत्यव्रताला शोभणारे नाही.

शुद्ध शाकाहाराचेही स्वतःचे गंध असतात. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या घामाला मेथीचा गोडसर वास येतो, हे घरोघरच्या स्त्रियांना ठाऊक आहे. मेथीतील एक सुगंधी द्रव्य देहातून तसेच बाहेर पडते, असे त्याचे शास्त्रीय कारण आहे. अठ्ठाई किंवा त्याहून दीर्घ उपवास करणाऱ्या तपस्व्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा एक उग्र वास येतो. अन्न नसताना देह साठलेली चरबी वापरू लागतो आणि त्यातून ॲसिटोन हे द्रव्य श्वासावाटे बाहेर पडते. त्या तपस्व्याने तर काहीच खाल्लेले नसते! त्याच्या त्या वासाने आपले मस्तक आदराने नमते. मग वास हा पुण्य-पापाचा मापदंड कसा ठरावा?

याच संदर्भात जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे बौद्ध प्रभावामुळे शतकानुशतके मांसाहारावर बंधने होती आणि दूध-लोणीही फारसे प्रचारात नव्हते. एकोणिसाव्या शतकात युरोपियन लोक तेथे येऊ लागले, तेव्हा त्यांच्या देहाचा वास जपान्यांना असह्य वाटे. परकीय वळणाच्या गोष्टीला 'बाता-कुसाई', म्हणजे 'लोण्याच्या वासाचे', असे म्हणण्याचा प्रघात तेथे पडला. ज्या लोण्या-तुपाला आपण सात्त्विक मानतो, तेच त्या लोकांना दुर्गंधीचे लक्षण वाटले! १९०३ साली बुंतारो आदाची या जपानी शरीरशास्त्रज्ञाने एका जर्मन नियतकालिकात युरोपियनांच्या देहगंधावर लेख लिहून काखेतील ग्रंथींकडे लक्ष वेधले. पुढे २००६ साली जपानी संशोधकांनी कानातील मळ ओला की कोरडा हे ठरविणारा जनुक शोधून काढला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच जनुकाचा काखेतील वासाशी निकटचा संबंध सिद्ध झाला. जपान-कोरियातील बहुसंख्य लोकांमध्ये या जनुकाचे जे रूप आढळते, त्यामुळे काखेत वास फारच कमी निर्माण होतो. म्हणजे ज्याचे खापर ताटावर फोडले गेले, त्याचे मोठे कारण जन्मतःच देहात होते.

आपल्या आचार्यांची भूमिका

येथे दुसरा प्रश्न येतो. आपल्या आचार्यांनी मांसत्याग व कंदमूळत्याग सांगितला, तो दुर्गंधीमुळे काय?

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात मुळा, ओले आले आदींचा त्याग सांगताना, फळ अल्प आणि जीवघात फार, हे कारण दिले. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात मांसाचा विचार करताना, आपोआप मेलेल्या जनावराच्या मांसातही सूक्ष्म जीव निरंतर उत्पन्न होत असल्याने त्याच्या सेवनात हिंसाच आहे, असे प्रतिपादन केले. श्रावकाचारांत जुगुप्सेची भाषा कोठे कोठे येते हे खरे. परंतु पाया हिंसेच्या विचाराचाच आहे. आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिले तरी हे कळते. बटाट्याला दुर्गंध नाही, आल्याला तर सुवास आहे; तरीही ते वर्ज्य. उलट हिंगाचा वास लसणीइतकाच उग्र, तरी तो आपल्या फोडणीत मानाने बसतो. नियम जर नाकाने ठरविले असते, तर ही यादी उलटी झाली असती. बौद्धांनी लसूण वर्ज्य केली ती शेजाऱ्याच्या नाकासाठी. आपण केली ती जीवासाठी.

देहगंधाविषयी तर आपल्या शास्त्राची दृष्टी स्पष्ट आहे. तीर्थंकरांचा देह जन्मतःच स्वेदरहित व सुगंधी असतो, असे अतिशयांच्या वर्णनात दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरा सांगतात. तो सुगंध पूर्वसंचित पुण्याचा आहे, आहाराचा नव्हे. नामकर्माच्या भेदांत सुरभिगंध व दुरभिगंध असे दोन भेद मानले आहेत. म्हणजे देहाचा वास देहधारणेबरोबरच येतो, असे आपले शास्त्र सांगते. त्यात आधुनिक जनुकशास्त्र शोधण्याचा अट्टाहास करण्याचे कारण नाही. वासावरून माणसाच्या आजच्या आचाराचा निवाडा करू नये, एवढा बोध पुरेसा आहे. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे आणि बावीस परीषहांत मलपरीषह आहे. घाम व मळ समभावाने सहन करणारा साधू आपल्याला वंदनीय आहे.

दोन कथा

भाद्रपद शुद्ध दशमीला दिगंबर मंदिरांत धूप खेवून सुगंध दशमी साजरी होते. तिची कथा अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, हिंदी अशा अनेक भाषांत रचली गेली. मराठीत ती जिनसागर यांनी रचली. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला या कथांचा संग्रह भारतीय ज्ञानपीठाने १९६६ साली प्रकाशित केला. त्यामुळे मराठी जैन वाङ्मयाचा हा ठेवा अभ्यासकांपुढे आला.

कथा थोडक्यात अशी. एक राजा राणीसह वनविहाराला निघाला असता वाटेत मासोपवासी मुनी पारण्यासाठी येताना दिसले. राजाने राणीला परत जाऊन आहारदान करण्यास सांगितले. विहाराचा बेत मोडल्याने राणी संतापली आणि रागाच्या भरात तिने मुनींना कडू भोपळ्याचा आहार दिला. मुनींना अतिशय पीडा झाली. त्या पापामुळे राणीला अनेक हीन जन्म घ्यावे लागले आणि पुढे असा देह मिळाला की त्याच्या दुर्गंधीने कोणी जवळ थांबेना. अखेर एका मुनींच्या उपदेशाने तिने सुगंध दशमीचे व्रत केले आणि पुढील जन्मी ती तिलकमती नावाची सुगंधी देहाची कन्या झाली. हीन जन्मांच्या वर्णनावर त्या काळच्या समाजदृष्टीची छाप आहे, हे अभ्यासकाने नाकारू नये. पण कथेचा गाभा निराळा आहे. आहार आणि देहगंध यांचा संबंध येथे आहेच. परंतु राणीला दुर्गंध आला तो तिने स्वतः काय खाल्ले यामुळे नव्हे, तर दुसऱ्याला काय खाऊ घातले आणि कोणत्या भावाने खाऊ घातले, यामुळे!

श्वेतांबर आगमांतील ज्ञाताधर्मकथेतही कडू भोपळ्याचीच कथा आहे. नागश्रीने धर्मरुची अनगारांना विषारी झालेली भाजी वाढली. ती टाकून देण्याची गुरूंची आज्ञा झाली. जमिनीवर एक थेंब सांडताच मुंग्या येऊन मरू लागल्या, हे पाहून धर्मरुचींनी ती सर्व भाजी स्वतः खाल्ली आणि देह ठेवला. कशासाठी? मुंग्यांसाठी. आपल्या आहारविचाराचे शिखर हे आहे.

दुसरी कथा उद्दायन राजाची. सम्यक्त्वाच्या आठ अंगांतील निर्विचिकित्सा, म्हणजे दुसऱ्याच्या देहाची घृणा न करणे, या तिसऱ्या अंगाचे उदाहरण म्हणून समंतभद्राचार्यांनी त्याचे नाव घेतले आहे. परीक्षेसाठी एक देव रोगजर्जर मुनीच्या रूपात त्याच्या दारी आला. आहार घेतला आणि तेथेच त्याला वांती झाली. दुर्गंधीने सेवक पळाले. राजा व राणी प्रभावती मात्र जागचे हलले नाहीत. माझ्या हातून यांना न मानवणारा आहार दिला गेला, असे म्हणत राजाने स्वतःलाच दोष दिला आणि दोघांनी मुनींचे अंग धुतले. दुर्गंध आला तेव्हा नाक न दाबता ज्याने स्वतःच्या हाताकडे पाहिले, तो आपला आदर्श आहे.

भक्कम पाया कोणता?

कोणी म्हणेल, हेतू चांगला असेल तर शरीरस्वास्थ्याची, सुवासाची लालूच दाखविण्यात गैर काय? याचे उत्तर महात्मा गांधींनी दिले आहे. १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या साक्षीने त्यांनी मातेपुढे मद्यमांस न सेवण्याची प्रतिज्ञा केली होती. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी संस्थेपुढे बोलताना, ज्यांच्या पुस्तकाने ते विचारपूर्वक शाकाहारी झाले ते हेन्री सॉल्ट सभेत उपस्थित असता, त्यांनी आपला अनुभव सांगितला. केवळ प्रकृतीसाठी शाकाहार पत्करणारे बहुतेक जण पुढे ढळतात. तो टिकायचा असेल तर त्याला नैतिक पायाच हवा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. उद्या एखाद्या प्रयोगात मांसाहाऱ्याचा घाम अधिक सुवासिक ठरला, तर ज्याचा शाकाहार सुवासावर उभा आहे तो डळमळेल. ज्याचा करुणेवर उभा आहे, त्याला त्या प्रयोगाची वार्ताही घ्यावी लागणार नाही.

हे सर्व वाचून झाल्यावर मी बालवर्गात परत गेलो आणि मागे सांगितलेले विधान मुलांसमोर मागे घेतले. उद्दायन राजाची कथा सांगितली. आपण मांस खात नाही ते त्या प्राण्याला जगायचे असते म्हणून. आपला वास चांगला यावा म्हणून नव्हे, हे सांगितले. ज्याने बाक बदलला होता, त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. तो पुन्हा जुन्या जागी बसला की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत आपली पाठशाळा अनेक पिढ्या घडवील. त्या मुलांना आहारशुद्धीबरोबर निर्विचिकित्साही शिकवावी, एवढीच नम्र प्रार्थना. तो मासे खाणारा मुलगा मला कधी भेटला नाही; त्याचे नावही मला ठाऊक नाही. दरवर्षी संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागताना मात्र त्याची आठवण होते. माझ्या एका वाक्यामुळे ज्याच्या शेजारची जागा रिकामी झाली, त्या मुलाला या स्मरणिकेच्या द्वारे अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.